बाणाच्या पात्यांसाठी घरच्या घरी लाकडी शोकेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मावसभावाने आणून दिलेली गारगोटीची चार पाती, सातपुड्याकडच्या बाजारातून घेतलेली दोन लोखंडी, कुठल्याशा प्रदर्शनात विकत घेतलेलं एक अकिकाचं. असा संग्रह मुंबईत बऱ्याच घरांत बिस्किटांच्या डब्यात पडून असतो. एक दिवस कुणाला तरी तो भिंतीवर लावावासा वाटतो आणि मग प्रश्न सुरू होतात.

दगडाचं पातं हजारो वर्षं मातीत राहिलेलं असतं. मुंबईची हवा त्याचं काही वाकडं करत नाही. बिघडतं ते भोवतालचं: लाकूड, कापड, डिंक, लोखंड आणि सगळ्यात आधी कागदाची चिठ्ठी. त्यामुळे खालच्या उत्तरांमध्ये दगडापेक्षा या बाकीच्या मंडळींचीच चर्चा जास्त आहे.

सागवान, प्लाय की एमडीएफ?

चौकटीला सागवान, पाठीला ६ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, प्लाय. एमडीएफ नको.

एमडीएफला रंधा लागत नाही, कडा सरळ येतात आणि दुकानदार कापूनही देतो, म्हणून मोह होतो. पण जून-जुलैत त्याच्या उघड्या कडा ओल पितात आणि फुगतात. एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. शिवाय त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड बराच काळ सुटत राहतं आणि बंद पेटीत ते कोंडतं. दगडाला त्याचं सोयरसुतक नाही, पण लोखंड आणि पितळ काळवंडतं.

प्लाय घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जाचा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा, आणि त्यातला एमआर प्लाय ओलीला फार टिकत नाही. पाठीसाठी लागतो जेमतेम दोन बाय दीड फुटांचा तुकडा, तेव्हा इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. फर्निचरचं काम चालू असलेल्या कुठल्याही फ्लॅटमध्ये असा तुकडा उरलेला सापडतो. मागितला तर सुतार देतो.

सागवान घ्यायचं कारण दिसणं हे नाही. पावसाळ्यात फुगणं आणि हिवाळ्यात आक्रसणं हे सागाच्या बाबतीत कमी असतं, म्हणून दार अडकत नाही आणि कोपरे उघडत नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. साग तेलकट असतो, त्यामुळे सांध्याला फेविकॉल लावायच्या आधी ती जागा ॲसिटोनने किंवा थिनरने पुसून कोरडी होऊ द्या. तेलावर गोंद धरत नाही.

आणखी एक. सगळ्याच लाकडांतून थोडी आम्लाची वाफ सुटते. तिने दगडाला काही होत नाही, पण शंख-शिंपले आणि शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी धरते. तेव्हा जागा उरली म्हणून गणपतीपुळ्याचे शंख याच पेटीत ठेवू नका.

लाकूड आणि बाकीचं सामान मुंबईत कुठे मिळेल?

नवीन लाकूड हवं तर रे रोडजवळ दारुखाना, लकडी बंदरच्या वखारी. पण एवढ्याशा कामाला मी जुनं लाकूड सुचवेन. गिरगाव, लालबाग, दादर या भागांत पुनर्विकासासाठी चाळी उतरवतात तेव्हा दाराच्या आणि खिडक्यांच्या चौकटी निघतात. त्यातल्या कितीतरी बर्मा टीकच्या असतात. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेलं ते लाकूड आता कुठे वाकायचं राहिलंय? ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातही असे तुकडे मिळतात. रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून घ्या, आत मोडलेला खिळा असतोच. रंध्याचं पातं गेलं तर सुतार दिवसभर तोंड पाडून बसतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

बिजागऱ्या, स्क्रू, हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. एलईडी पट्टीसाठी लोहार चाळ. कापडासाठी मंगलदास मार्केट. रविवार सोडून जा.

लाकूड आणल्यावर लगेच कापू नका. महिनाभर घरातच, भिंतीला टेकवून न ठेवता आडवं, खाली पट्ट्या देऊन ठेवा. पेटी जानेवारी ते मे या काळात बनवलेली चांगली. भर पावसात जोडलेली चौकट डिसेंबरात कोपऱ्यावर केसाएवढी फट दाखवते.

माप काय धरू?

आतून ६० × ४५ सेंमी, आणि खोली ५ सेंमीच्या आसपास. या मापाचा फायदा असा की चौकट काटकोनात आहे का हे बघायला गुण्या लागत नाही. कर्ण बरोबर ७५ सेंमी आला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. तीन-चार-पाचचा त्रिकोण शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो.

चौकटीची पट्टी ६५ मिमी रुंद आणि ६ सूत, म्हणजे साधारण १९ मिमी, जाड. मागच्या कडेपासून ६ मिमी सोडून पाठीच्या प्लायसाठी ६ मिमीचा गाळा पाडा. आत ५३ मिमी खोली उरते. बहुतेक पाती सेंटीमीटरभर जाडीची असतात, त्यामुळे खालच्या गादीचा थर धरूनही काच वर भरपूर अंतरावर राहते.

एवढ्या जागेत दाटीवाटीने साठ पाती बसतील. चाळीसच बसवा. प्रत्येकाखाली चिठ्ठीला जागा लागते.

सुतारकामाची सवय नाही. सांधे कसे करू?

पंचेचाळीस अंशात कापलेले कोपरे दिसायला छान, पण नुसत्या गोंदावर ते टिकत नाहीत, कारण तिथे लाकडाची आडवी कापलेली तोंडं एकमेकांना भिडतात आणि गोंद शोषून घेतात. कोपरा जुळवून वाळला की त्यावर बाहेरून करवतीने तिरकी चीर द्या आणि तिच्यात लाकडाची पातळ चकती गोंद लावून ठोका. वाळल्यावर पटाशीने समतल करा. प्रत्येक कोपऱ्याला दोन चकत्या पुरतात. साधा आणि मजबूत उपाय.

तेही जमणार नसेल तर एका पट्टीच्या टोकाला खाच पाडून दुसरी तिच्यात बसवा, गोंद लावा आणि दोन स्क्रू मारा. स्क्रूच्या डोक्यावर लाकडाच्या गुल्ल्या ठोका. संग्रहालयात कोणी ठेवणार नाही, पण घरात शोभते.

पाठीचा प्लाय गाळ्यात चिकटवू नका, नुसता सरकवा. गाळ्यात दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर मोकळीक असू द्या. पावसाळ्यात चौकट हलते तेव्हा प्लाय तिच्या वाटेत येता कामा नये.

दारासाठी वेगळी पातळ चौकट करा, तिला मागून काचेची खाच. वरच्या बाजूला पूर्ण लांबीची पियानो बिजागरी, खाली दोन छोट्या कड्या. दार आणि पेटी यांच्यामध्ये सिलिकॉनची गॅस्केट पट्टी सगळीकडून फिरवा. सरकत्या काचेचा पर्याय लोक विचारतात. सोपा आहे, पण गाळ्यातून धूळ आणि ओल दोन्ही येतात.

फ्लॅटमध्ये एवढं काम करता येईल?

येईल. करवत आणि रंध्याचं काम सुताराकडून किंवा वखारीतच करून घ्या, मापाच्या पट्ट्या घरी आणा. घरी उरतं ते जोडणं, घासणं आणि पॉलिश. ड्रिल दुपारी दोन ते चार सोडून चालवा, सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हा झोपलेले असतात. पॉलिश पेपरने घासताना सागाची बारीक भुकटी नाकातोंडात जाते आणि काहींना तिने पुरळ येतं. मास्क लावा.

काच की ॲक्रिलिक?

काच.

गारगोटी, चर्ट (गारगोटीच्या जातीचाच दगड), अकीक यांचा कठीणपणा मोहच्या मापावर ७ च्या आसपास, आणि खिडकीच्या काचेचा साधारण साडेपाच. म्हणजे पात्याचं टोक आतून काचेला घासलं तर ओरखडा काचेवर उठतो. ॲक्रिलिक तर त्याहून कितीतरी मऊ. शिवाय ते पुसलं की स्थिर विजेने धूळ आणि तंतू ओढून घेतं. त्याचा फायदा एकच, वजन. ६० × ४५ सेंमीची ४ मिमी काच २.७ किलोची होते, ३ मिमीची दोन किलोची. तेवढंच ३ मिमी ॲक्रिलिक एक किलोच्या आत बसतं. पेटी पाळण्याच्या किंवा पलंगाच्या वर टांगणार असाल तर ॲक्रिलिक घ्या, नाहीतर मुळात तिथे टांगू नका.

घरात लहान मूल असेल तर टफन्ड काच. ती टफन केल्यावर कापता येत नाही, म्हणून आधी दार बनवा, मग खाचेचं माप घ्या, त्यातून दोन्हीकडे २ मिमी वजा करा आणि मग ऑर्डर द्या.

आतून पॉलिश आणि कापड कोणतं?

बाहेरून चपडा लाखेचं पॉलिश सागावर सुरेख येतं. पावसाळी हवेत ते मारलं तर पांढरट झाक धरतं, म्हणून कोरडा दिवस बघा. आतल्या बाजूला पाण्यावर आधारलेल्या पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, हात द्या. ऑइल पेंट आतून अजिबात नको, तो महिनोन्‌महिने वास सोडत राहतो. काहीही मारा, पण त्यानंतर तीन-चार आठवडे दार उघडं ठेवून पेटी हवेशीर जागी पडू द्या. पाती लावायची घाई इथेच नडते. नाक आत घालून वास येतोय का बघा. वास येत असेल तर थांबा.

पाठीच्या प्लायवर आतून स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल ताणून लावा, वर गादी आणि मग कापड. फॉइलने लाकडातली वाफ आणि ओल बरीचशी अडते.

कापड मांजरपाटच घ्या, न रंगवलेलं. दोनदा गरम पाण्यातून काढून खळ घालवा. निळा मखमल सगळ्यांना आवडतो, दागिन्यांच्या दुकानातल्यासारखा. पण त्याचा रंग ओलीत सुटतो आणि तंतू पात्यांच्या खाचांमध्ये अडकतात. लोकरीच्या फेल्टमध्ये गंधक असतं आणि कसरही तिथे पहिली येते. गडद रंगच हवा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड दहा-वीस वेळा घासून बघा. फडकं पांढरं राहिलं तर वापरा.

गादीसाठी पिवळा स्पंज नको. पीयू फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन चुरा होतो आणि तो चुरा दगडाच्या रंध्रांतून काढता येत नाही. रंगीत क्राफ्ट शीट, योगा मॅट यांतला ईव्हीए फोम आम्लाची वाफ सोडतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा, मऊ ईपीई फोम उत्तम, आणि फुकट.

पाती चिकटवू कशाने?

चिकटवायचीच नाहीत.

फेविक्विक, एम-सील, दुहेरी टेप यांपैकी काहीही लावलं की पात्याची एक बाजू कायमची गेली. त्या बाजूवर काय होतं हे पुढे कुणाला पाहायचं असेल तर? बूडाशी मूळ डिंकाचा काळसर अंश राहिलेला असतो कधी कधी. तोच अभ्यासकांना हवा असतो.

ईपीई फोममध्ये पात्याच्या आकाराचा उथळ खड्डा कापा, वरून मांजरपाट सैलसर बसवा आणि पातं त्यात टेकवा. मग दोन ठिकाणी तंगूसने बांधा. मासेमारीची बारीक तंगूस कोळीवाड्यातल्या कुठल्याही दुकानात मिळते. सुई मागून पुढे, पात्यावरून, पुन्हा मागे, आणि पाठीमागे गाठ. टाका धारेवर नको, बूडाजवळच्या जाड भागावर घ्या. ज्वालाकाचेची, म्हणजे ऑब्सिडियनची, धार तंगूससुद्धा कापते.

नखाएवढ्या सूक्ष्मास्त्रांना टाका घालता येत नाही. त्यांच्यासाठी छोट्या काचेच्या झाकणाच्या डब्या घ्या, आत पॉलिस्टरचा पातळ थर, आणि त्या डब्या पेटीत बसवा. कापूस वापरू नका, तो ओल धरतो.

पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की झालं ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर नाही असं आहे.

हिशोब करून बघू. आपल्या पेटीत साधारण १४ लिटर हवा मावते. जुलैतल्या ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. म्हणजे पेटीतल्या हवेत अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी नाही. ते एक पुडी सहज पिऊन टाकेल. पण पेटीचं लाकूड आणि प्लाय मिळून अडीच-तीन किलो. त्यात बारा टक्के ओलावा धरला तरी पाव किलोच्या वर पाणी लाकडातच आहे. हवा कोरडी झाली की लाकूड ती ओल सोडतं, बाहेरची हवा फटींतून आत येते, आणि पुडी दोन दिवसांत तुडुंब. ही गळक्या बादलीत पाणी भरण्याची उलटी तऱ्हा आहे.

मग करायचं काय? पेटीत दगडच असेल तर काहीही नाही. खरंच. ७५ टक्के आर्द्रतेत चर्टला काही होत नाही. तुम्हाला जपायचं आहे ते कापड आणि चिठ्ठ्या, आणि त्यांचा शत्रू बुरशी. ती साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर, कोंदट जागी वाढते. म्हणून पावसाळ्यात उन्हाचा दिवस आला की तासभर दार उघडा, मागून पेटीला हवा लागू द्या, आणि ज्या खोलीत पंखा फिरतो तिथे ती ठेवा. गॅस्केटमुळे दुपारी-रात्रीचे चढउतार आत मंद होतात, तेवढं पुरतं.

आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. स्वस्तातले बरेच खोटं बोलतात, पण त्यांचं खोटं मोजता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी घालून चिखलासारखं करा, विरघळू देऊ नका. ते आणि मापक एका झिपच्या पिशवीत सात-आठ तास बंद ठेवा. आत ७५ टक्के व्हायला हवं, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा तेवढीच दमट राहते. मापक ८० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून पाच वजा करा आणि मागे चिठ्ठी लावा.

लोखंडी पात्यांचं काय?

सिलिका जेल लागतं ते इथे, पण लाकडी पेटीत नाही.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा भागातले तीरकामठे आणि त्यांची लोहाराने ठोकलेली पाती बऱ्याच जणांकडे असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती फार लवकर गंजतात. मे ते ऑक्टोबर ती पॉलिप्रॉपिलीनच्या हवाबंद डब्यात ठेवा, तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला स्वयंपाकघरातला डबा चालतो. सोबत मूठभर नारिंगी रंगाचं सिलिका जेल. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. रंग उतरला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा कामाला लागतं. नोव्हेंबरात पाती शोकेसमध्ये लावा, एप्रिलअखेरपर्यंत राहू द्या. दोन्ही ऋतूंसाठी जागा ठरलेली असली की कंटाळा येत नाही.

ठेवायच्या आधी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, स्पिरिटने पुसा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल तेल लावायची घरोघरची सवय सोडा, ते खवट होऊन आम्ल सोडतं आणि धूळ धरतं. एमरी पेपरने चकचकीत करणं तर नकोच. लोहाराच्या हातोडीच्या खुणा त्याच थरात असतात. नारिंगी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल किंवा घामासारखे थेंब दिसत असतील तर गंज आत चालू आहे, आणि ते पातं कायमचं डब्यातच राहील.

कुठलाही जुना बाण हाताळताना हातमोजे घाला. घामातलं मीठ हे एक कारण. दुसरं म्हणजे जगात अनेक ठिकाणी बाणांना विषाचा लेप देत, आणि तुमच्या हातातल्याचा पूर्वेतिहास तुम्हाला ठाऊक नसतो.

चिठ्ठीवर काय लिहू?

कुठून, कधी, कोणाकडून, कशाचं. ‘मावसभावाने दिलं, ओहायो’ एवढं पुरत नाही. कुठल्या काउंटीत, कोणाच्या शेतात, नांगरताना मिळालं की विकत घेतलं, हे त्याला आत्ताच फोन करून विचारा. ठिकाण माहीत नसलेलं पातं सुंदर दगड असतं, बाकी काही नाही.

आम्लमुक्त कागदावर पेन्सिलने लिहा. इंकजेटची छपाई आपल्या पावसाळ्यात पसरते. पात्यावरही छोटा नंबर हवा, कारण चिठ्ठ्या सरकतात, अदलाबदल होतात. मागच्या बाजूला, कमी महत्त्वाच्या जागी पॅरालॉइड बी-७२ चा (संग्रहालयांत वापरतात तो पारदर्शक ॲक्रिलिक लेप) एक थेंब, वाळल्यावर काळ्या पिगमेंट शाईने नंबर, वर पुन्हा एक थर. पुढे कधी काढायचं झालं तर ॲसिटोनने निघतं. नेलपॉलिश पिवळं पडून सुटतं, ते वापरू नका. आणि एक वही: नंबर, माप, फोटो, सगळी हकीकत. वही पेटीत ठेवू नका.

लाइट लावू का?

लावा, पण समोरून नको. बाजूने, जवळजवळ आडवा पडलेला प्रकाश पात्यावरचे टवके उठून दाखवतो. दाब देऊन काढलेला एकेक बारीक टवका, त्याच्या लाटा, सगळं दिसतं. समोरच्या उजेडात तेच पातं सपाट ठिकरी वाटते. एलईडी पट्टी दाराच्या चौकटीत एका कडेला, बारा व्होल्टची, आणि तिचा ॲडॉप्टर पेटीबाहेर. आत उष्णता नको.

भिंतीवर कशी टांगू?

भरलेली पेटी सहा-सात किलोपर्यंत जाते. पंचेचाळीस अंशात चिरलेल्या दोन पट्ट्या घ्या, एक भिंतीला, एक पेटीला, आणि एकीत दुसरी अडकवा. भिंतीत रावल प्लग आणि लांब स्क्रू. खाली दोन बुचांचे तुकडे लावून मागे सेंटीमीटरभर हवा खेळू द्या.

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर नको, पावसाची झड तीच खाते. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवरही नको. घराच्या आतल्या भिंती बघा.

वाळवी, कसर?

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचं फिकट लाकूड ती खाते. पट्ट्या निवडताना फिकट भाग टाळा. कसर कागद आणि खळ शोधत येते, म्हणून कापडाची खळ काढायला सांगितलं. डांबरगोळ्या आत टाकू नका, काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडतं. वर्षातून दोनदा पेटी रिकामी करून झाडणं पुरतं.

माझी पाती खरी आहेत का?

आधी एक गंमत. गुजरातमधल्या खंबातला अकिकाचं काम फार जुनं आहे. जमिनीत रोवलेल्या लोखंडी सुळक्यावर दगड टेकवून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने टवका पाडायची तिथली पद्धत पाहायला जगभरचे पुरातत्त्वज्ञ येऊन गेले. तिथेच हल्ली बाणाची अकिकाची पाती शोभेसाठी बनतात आणि परदेशी जातात. तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या दुकानातून तुमच्यासाठी प्रेमाने आणलेलं पातं मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर जन्मलेलं असू शकतं. त्याला शोकेसमध्ये जागा द्याच, कारागिरी खरीच आहे. चिठ्ठीवर मात्र खंबात लिहा.

नव्याची लक्षणं: सगळी अगदी सारख्या मापाची, भडक पट्टेदार रंग, टवक्यांच्या धारा ताज्या आणि पृष्ठभागावर कसलीच झाक नाही. दहापटीच्या भिंगाखाली कधी यंत्राने घासल्याच्या समांतर रेषाही दिसतात.

दुसरं म्हणजे, तुम्ही बाणाचं म्हणता ते बरेचदा बाणाचं नसतं. उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात धनुष्य आलं ते साधारण दीड हजार वर्षांपूर्वी. त्याआधीची मोठी, जड पाती हातकाठीने फेकायच्या बरछीची किंवा भाल्याची, काही तर चक्क सुऱ्या. खरं बाणाचं पातं बहुधा अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. आपल्याकडच्या मध्याश्मयुगीन सूक्ष्मास्त्रांचा प्रकार वेगळाच: त्रिकोणी, चंद्रकोरीसारखी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने बसवत.

मुंबईत किंवा ट्रेकला सापडलेलं पातं ठेवता येईल?

सापडू शकतं, ही गोष्ट खरी. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर भरलेला असतो आणि त्याचीच हत्यारं इथल्या माणसाने केली. १९३०च्या दशकात नौदलातले के. आर. यू. टॉड यांनी कांदिवलीच्या परिसरातून दगडी हत्यारं गोळा केली आणि १९३९ साली त्यांवर लेख लिहिला. आज तिथे टॉवर आहेत.

तरीही उचलू नका. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. कान्हेरी, घारापुरी यांसारख्या संरक्षित जागी, आणि राष्ट्रीय उद्यानात तर, काहीच उचलायचं नाही. जागेवरच नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला कळवा, त्यांचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे. आजूबाजूला पडलेले टवके आणि गाभे, म्हणजे टवके काढून उरलेले दगड, मिळून ते पातं कुठे, कसं घडवलं हे सांगतात. एकटं पातं खिशात आलं की ती संगत तुटते. पाहायची हौस असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रागैतिहासिक दालन आहे. आणि जुन्या पद्धतीची लाकडी कपाटं पाहायची असतील तर भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जा, कोपऱ्यांचे सांधे जवळून बघा.

अमेरिकेहून आणताना काही अडचण?

तिथे सरकारी जमिनीवरून अशा वस्तू उचलणं बेकायदा आहे. खासगी शेतातून मालकाच्या परवानगीने चालतं. म्हणून पावती किंवा मालकाची दोन ओळींची चिठ्ठी मागा आणि वहीत चिकटवा. विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, मोठ्या बॅगेत द्या. हीच पाती पुढे तुम्ही परदेशी नेणार असाल तर ती इथली पुरावस्तू नाही हे सिद्ध करायची वेळ येते, आणि तसं प्रमाणपत्र पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. तेव्हाही ती पावतीच उपयोगी पडते.

पेटी बंद केल्यावर काच आतून धुरकट होते. का?

पॉलिश पुरतं वाळलेलं नाही, किंवा आत कुठेतरी स्पंज, ईव्हीए नाहीतर ओलं लावायचं सिलिकॉन सीलंट आहे. सगळं बाहेर काढा, काच स्पिरिटने पुसा, रिकामी पेटी आणखी दोन आठवडे उघडी ठेवा. मग एक रात्र बंद करून सकाळी बघा. तरी धूर आला तर गादी बदला. एसीच्या झोतासमोर टांगलेल्या पेटीत सकाळी थेंब दिसतात ते वेगळे. तिथे काच थंड पडते आणि आतली दमट हवा तिच्यावर जमते. पेटीची जागा बदला, दुसरा इलाज नाही.